आधी ठेवायचं झाड

सागाचं रोपवन लावताना दोन रोपांमधलं अंतर बहुतेक ठिकाणी दोन मीटर बाय दोन मीटर धरतात. म्हणजे हेक्टरी अडीच हजार रोपं. चंद्रपूर-गडचिरोलीकडे ही रोपं सागजडीच्या रूपात लागतात. गादीवाफ्यावर वाढवलेलं रोप उपटायचं, मूळ वीतभर आणि खोड जेमतेम बोटाच्या पेरभर ठेवून छाटायचं, आणि पावसाच्या तोंडावर पहारीने भोक पाडून ती जडी जमिनीत घट्ट बसवायची. साठेक वर्षांनी त्याच हेक्टरावर साधारण दीडशे झाडं उभी असावीत अशी अपेक्षा असते. उरलेली तेवीसशेहून जास्त झाडं मधल्या काळात जायचीच असतात, आणि हे लावतानाच ठरलेलं असतं. त्यातली कोणती जाणार आणि कोणती राहणार, हे मात्र कुणीतरी रोपवनात उभं राहून, मान वर करून, झाडागणिक ठरवावं लागतं. या कामाला विरळणी म्हणतात.

मग इतकी रोपं लावायचीच कशाला, असा प्रश्न कुणालाही पडेल. त्याला तीन कारणं आहेत. दाट लागवडीत चार-पाच वर्षांत झाडांचे डेरे एकमेकांना भिडतात, खाली सावली पडते आणि गवताचा जोर मोडतो. सावलीत गेलेल्या खालच्या फांद्या आपोआप वाळून गळतात, त्यामुळे खोड सरळ आणि बिनगाठीचं होतं. आणि तिसरं, माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचं कारण म्हणजे निवडीला वाव मिळतो. अडीच हजारांतून दीडशे निवडायची असतील तर उत्तमच निवडता येतात. दीडशेच लावली असती तर जे पदरात पडेल ते गोड मानून घ्यावं लागलं असतं.

माणसाने हात लावला नाही तरी झाडं कमी होतातच. जपानमधल्या क्योजी योदा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६३ मध्ये दाखवून दिलं की दाटीने वाढणाऱ्या एकाच जातीच्या वनस्पतींमध्ये सरासरी आकार आणि संख्या यांचं नातं गणिताने बांधलेलं असतं. प्रत्येकाचा आकार वाढायचा असेल, तर काहींना मरावंच लागतं. आपल्याकडे मुंबई-पुण्यात गेल्या काही वर्षांत मियावाकी पद्धतीने जी छोटी जंगलं लावली गेली, त्यांत चौरस मीटरला तीन-चार रोपं असतात. तिथे ही मरतूक निसर्गावर सोपवलेली असते आणि ते योग्यच आहे, कारण तिथे लाकूड काढायचं नाही. शिवाय तिथे अनेक जाती, अनेक उंचीचे थर असतात. सागाच्या रोपवनात मात्र सगळी झाडं एका वयाची, एका जातीची आणि जवळपास एका ताकदीची असतात. कुणी पटकन हरत नाही आणि कुणी निर्विवाद जिंकतही नाही. वर्षानुवर्षं सगळीच अर्धपोटी राहतात. शिवाय निसर्ग निवडतो ते सर्वात जोरकस झाड. ते सर्वात सरळ असेलच असं नाही. सुताराला हवं असलेलं खोड आणि निसर्गाच्या झुंजीत टिकणारं खोड ही एकच असती, तर विरळणीची गरजच पडली नसती.

आता झाडाच्या वाढीचा एक नियम इथेच समजून घेऊ, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे. झाडाची उंची मुख्यतः जमिनीच्या कसावर आणि वयावर ठरते. आजूबाजूला गर्दी आहे की नाही याचा तिच्यावर फारसा परिणाम होत नाही. म्हणून तर कुठल्याही रोपवनातल्या सर्वात उंच झाडांची उंची मोजली की वनशास्त्रज्ञ त्या जमिनीची प्रत सांगू शकतात. खोडाचा घेर मात्र डेऱ्याच्या आकारावर ठरतो. डेरा मोठा म्हणजे पानं जास्त, पानं जास्त म्हणजे अन्न जास्त, आणि त्या अन्नातून आधी मुळं आणि शेंडा यांची गरज भागल्यावर जे उरतं ते खोड जाड करायला वापरलं जातं. गर्दीतलं झाड उंच होत राहतं पण जाड होत नाही. पंधरा वर्षं विरळणी न झालेल्या साग लागवडीत शिरलं की हे नुसत्या डोळ्यांना दिसतं. मनगटाएवढी-मांडीएवढी खोडं सरळसोट वर गेलेली आणि प्रत्येकाच्या टोकाला मूठभर पानांची शेंडी.

दुसरी गोष्ट थोडी अनपेक्षित आहे. झाडं कापली की उरलेली झाडं भराभर वाढून एकूण लाकूड जास्त मिळत असेल, असं आपल्याला वाटतं. तसं होत नाही. नॉर्वेच्या लांगसेटर यांनी १९४१ मध्ये मांडलं, आणि नंतरच्या दीर्घकाळच्या प्रयोगांनी बऱ्याच अंशी तेच दाखवलं, की खूप दाट आणि बऱ्यापैकी विरळ या दोन टोकांच्या मधल्या मोठ्या पट्ट्यात हेक्टरी एकूण लाकूडवाढ जवळपास सारखीच राहते. जमीन, पाणी आणि ऊन जेवढं देणार तेवढंच देतं. विरळणी फक्त एवढंच ठरवते की ती वाढ दोन हजार बल्ल्यांमध्ये विखरून जाईल की निवडलेल्या थोड्या खोडांवर साठत जाईल. सागाच्या बाबतीत हा फरक फार मोठा आहे, कारण बाजारात भाव घेराप्रमाणे चढतो आणि सागाचं मोल असतं ते गाभ्याच्या लाकडाला. बारीक बल्लीत पांढरं, कच्चं लाकूडच जास्त असतं. २०२३ मध्ये अयोध्येच्या राममंदिराच्या दारांसाठी बल्लारपूरच्या आगारातून जो साग गेला, तो ज्या लाकडासाठी निवडला गेला ते गाभ्याचं, जुन्या झाडांचं लाकूड. तसलं लाकूड बल्लीत तयार होत नाही.

कोणतं झाड कापायचं याबद्दल युरोपात दोनशे वर्षं वाद चालला आणि त्यातले दोन पक्ष आजही आपल्या रानात भेटतात. जर्मनीचा गेओर्ग लुडविग हार्टिग हा अठराव्या शतकाच्या अखेरचा मोठा वनाधिकारी. त्याचं म्हणणं सावध होतं: जी झाडं आधीच दबली आहेत, मरायला टेकली आहेत, तेवढीच काढा, वरचं छत कुठेही फोडू नका. डेन्मार्कमध्ये काउंट रेव्हेन्टलो यांनी साधारण त्याच काळात उलट टोक धरलं. त्यांनी आपल्या बीच आणि ओकच्या रानात लवकर, वारंवार आणि चांगली भरघोस विरळणी केली. फ्रेंचांनी पुढे आणखी नेमकं सांगितलं की कापायचं ते वरच्या थरातून कापा. चांगल्या झाडाशी ज्याची खरी चढाओढ आहे, त्यालाच हटवा. क्राफ्ट नावाच्या जर्मन वनाधिकाऱ्याने १८८४ मध्ये झाडांची त्यांच्या डेऱ्याच्या स्थानावरून वर्गवारी लावून दिली. भारतात वनशिक्षण घेतलेला प्रत्येक जण शिकतो ती प्रबळ, दबती आणि दबलेली झाडं ही वर्गवारी याच विचाराच्या वंशातली.

हार्टिगची पद्धत आपल्या मनाला चटकन पटते, आणि त्याचं कारण शेतात आहे. ज्वारीची, बाजरीची विरळणी करताना आपण किडकं, खुरटं रोप उपटतो आणि जोमदार ठेवतो. तीच नजर घेऊन माणूस रोपवनात शिरतो आणि बारीक, वाकडी, सावलीत कोंडलेली झाडं हेरून हेरून मार्किंग करतो. संध्याकाळी पाचशे झाडांवर खुणा झालेल्या असतात, आणि रोपवनात काहीच बदललेलं नसतं. कारण ज्या झाडाचा डेरा शेजाऱ्याच्या खाली गेला, ते त्या शेजाऱ्याचं ऊन आता अडवत नाही. मुळांची थोडी चढाओढ असते, पण सागासारख्या उन्हाच्या भुकेल्या झाडाची खरी लढाई वर, डेऱ्यांच्या पातळीवर असते. दबलेलं झाड ती आधीच हरलेलं आहे. त्याला कापून आपण कुणालाही जागा करून देत नाही. मजुरी मात्र खर्च होते.

म्हणून माझं स्पष्ट मत आहे की विरळणी ही कापायच्या झाडांपासून सुरू करूच नये. आधी ठेवायची झाडं निवडावीत, त्यांना खूण करावी, आणि मग त्या प्रत्येकाशेजारी उभं राहून एकच प्रश्न विचारावा: याच्या डेऱ्याला कोण त्रास देतंय? जो त्रास देतो तो जाईल. बाकीच्यांकडे बघायची गरज नाही.

हे कसं जमवायचं, त्यासाठी थोडा हिशेब करू. शेवटी दीडशे झाडं हवी असतील तर प्रत्येक झाडाच्या वाट्याला साधारण आठ मीटर बाय आठ मीटरचा चौकोन येतो. दोन मीटरच्या अंतराने लावलेल्या रोपवनात एवढ्या चौकोनात सोळा झाडं असतात. म्हणजे मार्किंग करणाऱ्याने आठ मीटरच्या अंतराने थांबत जायचं आणि भोवतीच्या सोळांतून एक निवडायचं. सुरुवातीच्या विरळणीत एकावरच भरवसा ठेवू नये. दोन, क्वचित तीन उमेदवार ठेवावेत. पुढच्या वर्षांत वणवा, वादळ, कीड यांपैकी काहीतरी एखाद्याला गाठतंच. पण चौकोन मनात धरून चालल्याने एक शिस्त येते. एरवी नजर चांगल्या झाडांच्या झुबक्यावर खिळते आणि मधले मोठे तुकडे निवडीविना राहून जातात.

त्या सोळांत बघायचं काय? आधी वर बघायचं. खाली खोडाला हात लावून घेर मोजण्याची घाई नको. डेरा सर्व बाजूंनी भरलेला आहे का, तो वरच्या थरात आहे का, पानं मोठी आणि गर्द आहेत का? झाडाच्या उंचीचा निदान वरचा एक-तृतीयांश भाग जिवंत डेऱ्याने भरलेला असावा. त्याहून कमी असेल तर त्या झाडात मोकळ्या जागेचा फायदा घेण्याची ताकद उरलेली नाही. सप्टेंबर ते नोव्हेंबर हा सागाचा डेरा पाहायचा काळ, पानं पूर्ण असतात आणि पाऊस ओसरत आलेला असतो. विदर्भात हिवाळ्यानंतर पानगळ होते आणि उन्हाळाभर साग उघडाबोडका राहतो. तेव्हा जोम कळत नाही. बेचकी आणि मोडलेले शेंडे मात्र तेव्हाच नीट दिसतात. शक्य असेल तर दोन्ही वेळा एक फेरी मारावी.

डेरा पसंत पडला की मग खोड. सागात बेचकं हा सर्वात मोठा दोष, आणि तो कसा येतो हे कळलं की निवड सोपी होते. सागाचा मोहर फांदीच्या अगदी टोकाला येतो. मुख्य शेंडाच मोहरला, की त्या टोकाची वाढ तिथेच संपते. सागाची पानं समोरासमोर जोडीने येतात, तशाच त्यांच्या बगलेतल्या कळ्याही जोडीने असतात. शेंडा थांबला की त्या दोन्ही कळ्या एकाच जोमाने वर येतात आणि खोडाची दोन खोडं होतात. कमी वयात मोहरलेलं झाड जमिनीपासून चार-पाच मीटरवरच बेचकं धरतं, आणि त्याचं सरळ लाकूड तेवढंच राहतं. दहा-बारा मीटरपर्यंत एकसंध गेलेलं झाड म्हणजे उशिरा मोहरलेलं झाड. हा गुण बऱ्याच अंशी आनुवंशिक असतो. म्हणून अशी झाडं राखणं हे पुढच्या बियाण्याच्या दृष्टीनेही हिताचं आहे.

मग वाकडेपणा, बुंध्याजवळच्या खोल पन्हळी, जुन्या वणव्याने होरपळलेली साल, खोडावर जागोजाग फुटलेले कोवळे फुटवे. हे फुटवे लक्ष देऊन पाहावेत. पुष्कळ दिवस कोंडलेल्या सागाच्या खोडावर एकदम ऊन पडलं की झोपलेले डोळे फुटतात. त्यातून पुढे लाकडात गाठी होतात. विरळणीआधीच खोडावर असे फुटवे दिसत असतील तर ते झाड अडचणीत आहे असं समजावं. एखादा किरकोळ बाक मात्र मी माफ करेन. डेरा जोमदार असेल तर घेर वाढता वाढता थोडा बाक लाकडात मुरून जातो. अशक्त डेऱ्याचं सरळ खोड आणि जोमदार डेऱ्याचं किंचित वाकलेलं खोड यांत निवड करायची वेळ आली तर जोमदार झाड ठेवावं.

ठेवायच्या झाडांना खूण झाली की त्यांचे प्रतिस्पर्धी शोधायचे. इथे हात सर्वात जास्त अडखळतो, कारण कापायचं झाड बहुधा मोठं, निरोगी आणि चांगलंच दिसणारं असतं. त्यात एक प्रकार ओळखायलाच हवा. दांडगट, आखूड खोडाचं, जाड फांद्यांचं, चहूबाजूंनी पसरलेलं झाड. सुरुवातीला कुठे मोकळी जागा मिळाल्याने ते माजलेलं असतं. घेर सर्वांत मोठा, पण लाकूड गाठाळ आणि बेचकं खालीच. हार्टिगच्या पद्धतीने चालणारा माणूस याला कधीच हात लावणार नाही. खरं तर पहिल्या विरळणीत हेच पहिलं गेलं पाहिजे, कारण त्याच्याभोवतीची चार-पाच सरळ झाडं त्याच्या सावलीत वाया चाललेली असतात. दुसरा प्रकार याच्या अगदी उलट: काडीसारखं बारीक, लांब झाड, ज्याचा शेंडा वाऱ्याबरोबर हेलकावे घेत शेजाऱ्यांच्या कोवळ्या कळ्यांवर झोडपत राहतो. तेही काढावं.

दोन उत्तम झाडं दोनच मीटरवर शेजारी उभी असतील तर? नव्या माणसाचा जीव इथे घुटमळतो आणि तो दोन्ही ठेवून पुढे जातो. पाच वर्षांनी दोन्हींचे डेरे एकतर्फी झालेले असतात, एकमेकांकडची बाजू वाळलेली. अशा वेळी पलीकडच्या बाजूला मोकळीक कुणाकडे आहे ते पाहावं, आणि एक ठरवून कापावं. याउलट, एखाद्या तुकड्यात सगळीच झाडं सामान्य असतील तर तिथे ठेवायचं झाड म्हणून त्यातलंच बरं निवडावं. छताला मोठं भोक पाडून ठेवू नये. तिथे गवत माजतं आणि उन्हाळ्यात वणव्याला वाट मिळते.

जी दबलेली झाडं कुणाला त्रास देत नाहीत, ती बहुधा राहू द्यावीत. ती खोडांना सावली देतात, त्यामुळे फुटवे कमी येतात. त्याहून महत्त्वाचं म्हणजे सागाशिवाय जे काही आपोआप उगवलेलं असेल ते. ऐन, धावडा, बिजा, मोह, तेंदू, चार, एखादं बांबूचं बेट. सागाच्या डेऱ्याखाली असलेल्या या झाडांवर कुऱ्हाड चालवणं हा मला विरळणीतला सर्वात वाईट अपराध वाटतो. सागाचं पान सुपाएवढं मोठं. पावसाचं पाणी त्यावर साठून मोठमोठ्या थेंबांनी खाली पडतं, आणि खाली काही नसेल तर तो थेंब माती उडवतो. केवळ सागाच्या, खालून साफ केलेल्या रोपवनात उतारावरची माती कशी वाहून जाते हे पाहिलेला माणूस पुन्हा कधी ‘साफसफाई’चा आग्रह धरणार नाही. वेली मात्र तोडाव्यात. पळसवेलीसारखी जाड वेल सागाच्या खोडाला आवळून त्याचा शेंडा खाली ओढते.

कडेच्या ओळींचा न्याय वेगळा. रस्त्याकडची, शेताकडची, टेकडीच्या वाऱ्याकडची झाडं एका बाजूने मोकळी वाढलेली असतात. त्यांचं खोड तुलनेने जाड, मूळ घट्ट. मे महिन्यातल्या वावटळी आणि वळवाचे वारे आधी तेच झेलतात. तिथे हात आखडता ठेवावा. आत मात्र उंच आणि बारीक झाडं एकदम मोकळी केली तर ती पहिल्याच वादळात वाकतात. दाट राहिलेल्या रोपवनात म्हणूनच एका दमात मोठी विरळणी करू नये. दोन-तीन वर्षांच्या अंतराने दोन हलक्या विरळण्या कराव्यात.

प्रत्यक्षात आपल्याकडे पहिली विरळणी अशी झाडागणिक निवडून होत नाही, आणि त्यालाही कारण आहे. साधारण पाचव्या वर्षी, झाडं सात-आठ मीटरची झाली की कर्णरेषेतली एकाआड एक ओळ काढून टाकतात. अडीच हजारांची साडेबाराशे होतात आणि अंतर दोन मीटरवरून सुमारे २.८ मीटर होतं. यात चांगलं-वाईट बघत नाहीत. काम झपाट्याने होतं, मजुरी कमी लागते आणि त्या वयात झाडांतला फरक पुरता उघड झालेला नसतो. एवढ्यापुरतं मला ते मान्य आहे. फक्त ओळीतलं एखादं डोळ्यांत भरणारं झाड सोडून त्याच्या शेजारचं कापण्याची मुभा मार्किंग करणाऱ्याला असावी. पण केरळात आणि इतरत्र दुसरी विरळणीही कधी कधी अशीच ओळी मोजून करतात, ते मात्र पटत नाही. आठव्या-दहाव्या वर्षी कोणतं झाड पुढे काय होणार हे बऱ्यापैकी दिसायला लागतं. तेव्हा ओळी मोजणं म्हणजे डोळे असून न बघणं.

केरळच्याच निलंबूरमध्ये या कामाचा दीर्घ इतिहास उभा आहे. मलबारचा कलेक्टर कोनॉली आणि त्याच्या हाताखालचे चातू मेनन यांनी १८४० च्या दशकात तिथे सागाची लागवड सुरू केली. जहाजबांधणीसाठी लागणारा साग नैसर्गिक रानातून संपत चालला होता. त्या काळातला एक तुकडा अजून राखून ठेवला आहे. सव्वादोन हेक्टरांच्या आसपासच्या त्या तुकड्यात आज शंभराच्या आगेमागे झाडं आहेत, म्हणजे हेक्टरी पन्नासेक. सागाला प्रौढपणी किती जागा लागते, याचा यापेक्षा सरळ पुरावा दुसरा नाही.

विरळणी कधी करायची हा प्रश्न कोणतं झाड कापायचं याहून कमी महत्त्वाचा नाही. उलट उशीर झाला तर निवडही निष्फळ होते. आखडलेला डेरा मोकळी जागा मिळाली म्हणून लगेच पसरत नाही. सागासारख्या झाडात तर एकदा टोकाची शेंडी उरली की ते झाड पूर्वीच्या वेगावर क्वचितच येतं. १९९० च्या दशकात साग लागवडीच्या योजनांचं पेव फुटलं होतं. वीस वर्षांत लाखोंचं उत्पन्न अशी आश्वासनं होती. त्या भरात अनेक शेतकऱ्यांनी दाट साग लावला आणि एकही झाड कमी होऊ दिलं नाही, कारण प्रत्येक झाड त्यांच्या हिशेबात रुपये म्हणून धरलेलं होतं. अशी लागवड विकायला काढली की व्यापारी तिला बल्ल्यांचाच भाव लावतो. झाड कापल्याने नुकसान होईल ही भीती समजण्यासारखी आहे. पण नुकसान झालं ते न कापल्याने.

वेळ चुकली का, हे सागात तपासता येतं. उष्ण कटिबंधातल्या फार थोड्या झाडांत वाढवलयं इतकी स्पष्ट दिसतात. साग त्यांपैकी एक. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय मौसम विज्ञान संस्थेतल्या संशोधकांनी केरळातल्या जुन्या सागांच्या वलयांवरून पाचशेहून जास्त वर्षांतल्या दुष्काळांच्या खुणा वाचल्या आहेत. आपल्याला इतकं खोल जायचं नाही. विरळणी झाली की चार-सहा खुंट पाण्याने धुऊन घ्यायचे आणि मध्यापासून बाहेर मोजत यायचं. सुरुवातीची वलयं रुंद दिसतील. मग ती आक्रसायला लागतील. एखादंच वलय बारीक आणि पुढचं पुन्हा रुंद असेल तर ते कमी पावसाचं वर्ष. पण एका वर्षापासून पुढची सगळीच वलयं बारीक होत गेली असतील, तर त्या वर्षी डेरे भिडले होते आणि तेव्हाच विरळणी व्हायला हवी होती. पुढच्या वेळी तो आकडा वापरायचा. रुंद वलयांचा साग कमकुवत असतो ही समजूत पुष्कळांच्या मनात असते. झपाट्याने वाढलेल्या सागाचं लाकूड त्या कारणानेच कमी मजबूत ठरतं असं अभ्यासांत दिसलेलं नाही.

सरकारी रोपवनात या निवडीभोवती एक व्यवस्था असते. महाराष्ट्र वनविकास महामंडळ १९७४ मध्ये स्थापन झालं, आणि त्याच्या सागाच्या रोपवनांत विरळणी हे वर्षानुवर्षांचं ठरलेलं काम आहे. वनपाल, वनरक्षक आणि मजूर ओळीने चालतात. कापायच्या झाडाचा घेर छातीच्या उंचीवर, म्हणजे १.३७ मीटरवर मोजून नोंदवहीत घेतात. साल तासून हातोड्याचा छाप एकदा छातीच्या उंचीवर आणि एकदा बुंध्याशी मारतात. बुंध्याचा छाप झाड गेल्यावरही खुंटावर राहतो, त्यामुळे खुणा नसलेलं झाड कुणी तोडलं तर नंतर कळतं. या छापाचं मूळ कारण असं की रोपवनातली सर्वात चांगली झाडं कापण्याचा मोह सगळ्यांनाच असतो. ठेकेदाराला तर तीच हवी असतात. दर वेळी जाड, सरळ झाडं काढून कमकुवत मागे ठेवत गेलं तर दोन-तीन विरळण्यांत रोपवन दिसायला हिरवं राहतं आणि आतून निकामी होतं. याचा ताळेबंद वीस वर्षांनी दिसतो, तोवर मार्किंग करणाऱ्याची बदली होऊन गेलेली असते. म्हणून मला वाटतं, कापलेल्या झाडांइतकीच ठेवलेल्या झाडांचीही नोंद वहीत असावी, घेरासह.

शेतकऱ्याकडे ही व्यवस्था नसते, पण त्याला स्वतःच्या शेतातल्या सागालाही हात लावण्याआधी परवानगी लागते. १९६४ च्या वृक्षतोड नियमन कायद्याच्या अनुसूचीत साग आहे. परवानगी मिळण्यात वेळ जातो. म्हणून अर्ज करायच्या आधी निवड पुरी झालेली असावी.

तुमच्या शेतातला साग सात-आठ वर्षांचा झाला असेल आणि डेरे एकमेकांत घुसले असतील, तर येत्या ऑक्टोबरात एक दिवस काढा. सोबत कुऱ्हाड नको, व्यापारीही नको. रंगीत चिंध्यांची गुंडाळी आणि घरातलं एक माणूस एवढं पुरे. आठ-आठ मीटरवर थांबा, वर बघा, ठेवायच्या झाडाला चिंधी बांधा. दुसऱ्या दिवशी त्याच झाडांपाशी जाऊन त्यांचे त्रासदायक शेजारी चुन्याने रंगवा. एका झाडामागे एक, फार तर दोन. चुना सगळ्या झाडांवर एकाच दिशेने लावा, म्हणजे ओळीत चालताना कोणतं राहिलं ते दिसेल. मग अर्ज करा. तोड हिवाळ्यात उरका, खुंट जमिनीसरसे ठेवा, आणि फांद्यांचा पालापाचोळा फेब्रुवारीत वणव्याचा हंगाम सुरू व्हायच्या आत ठेवलेल्या झाडांच्या बुंध्यांपासून दूर ओढून घ्या.